मस्टँगची बॉडी घरच्या गॅरेजात: काउलपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रूट १ वर फोर्डचा मोठा कारखाना होता. फोर्डच्या कागदपत्रांत त्याचं नाव मेटचन. साठच्या दशकात तिथून मस्टँग तयार होऊन बाहेर पडायच्या. २००४ मध्ये कारखाना बंद झाला आणि आता त्या जागी दुकानांचं संकुल आहे. आज एडिसन आणि आसपासच्या गावांत मराठी घरं भरपूर आहेत. त्यांतल्या ज्यांना हाताने काम करायची हौस आहे, त्यांनी हात घालावा असं हे काम आहे, कारण ही गाडी अक्षरशः इथल्याच मातीतली आहे.

हा लेख १९६७ च्या मस्टँगवर बेतला आहे. त्या वर्षी ४,७२,१२१ मस्टँग बनल्या, त्यामुळे तिच्या बॉडीचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आजही नवीन बनवून विकला जातो. १९६७ मध्येच गाडी रुंद केली गेली आणि तिच्यात पहिल्यांदा ३९० घनइंची, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसलं. तिला मसल कार म्हणायचं की पोनी कार, हा वाद जाणकार घालत राहतील. पत्र्याच्या दृष्टीने सहा सिलिंडरची साधी कूपे असो की ३९०, काम तेच आणि गंजही त्याच ठिकाणी.

माझं म्हणणं आधीच सांगतो: या गाडीच्या बॉडीचं काम म्हणजे पाण्याची वाट शोधायचं काम आहे. पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं आणि बाहेर पडायची वाट कुठे बुजली आहे, हे न पाहता नुसता पत्रा बदलला तर नवा पत्राही त्याच जागी कुजतो.

गाडी घेण्याआधी

बरोबर पाण्याने भरलेली बादली, टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हर न्या. विकणाऱ्याला आधी विचारा आणि पुढच्या काचेखाली, बोनेटच्या मागे असलेल्या जाळीत पाणी ओता. या भागाला काउल म्हणतात. काचेवरून उतरणारं पाणी तिथे पडतं आणि दोन्ही बाजूंनी मडगार्डच्या मागून खाली निघून जातं, घराच्या पन्हळीसारखं. आत हवा येण्यासाठी काउलच्या तळाला दोन मोठी भोकं असतात आणि पाणी त्यांत शिरू नये म्हणून त्यांच्याभोवती पत्र्याची उभी कड असते. साठ वर्षांची पानं, माती, पाइनच्या सुया त्या कडेच्या पायथ्याशी साचतात, ओल धरून ठेवतात आणि कड खालून कुजते. वरून जाळीतून बघितलं तर काही दिसत नाही. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारा. पाणी गालिच्यावर टपकलं तर काउल गेलेलं आहे, आणि काउल गेलं असेल तर समोरच्या फ्लोअरचंही काही खरं नसतं.

फ्लोअरनंतर टॉर्क बॉक्स पाहा. फ्लोअर, पुढची फ्रेम रेल (गाडीखालची लांब पोकळ पट्टी) आणि दाराखालचा रॉकर जिथे एकत्र येतात तिथली ही पेटी. गाडीचा पीळ ती सोसते. मग क्वार्टर पॅनेलचे, म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या बाहेरच्या पत्र्याचे, चाकामागचे खालचे कोपरे, डिकीच्या दोन्ही बाजूंचे खड्डे, मागच्या काचेखालची पट्टी, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या शॉक टॉवरला (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या पत्र्याच्या खांबांना) वरच्या कंट्रोल आर्मजवळ तडे आहेत का ते. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून बाहेरच्या पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली जाड लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी आहे. थोडी लांबी असणं गुन्हा नाही, पण आख्खा कोपराच लांबीचा असेल तर भाव त्याप्रमाणे करा.

नंबर नीट वाचा. ड्रायव्हरच्या बाजूच्या एप्रनच्या, म्हणजे मडगार्डच्या आतल्या इंजिनाशेजारच्या पत्र्याच्या, वरच्या कडेवर गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो आणि ड्रायव्हरच्या दारावर एक पट्टी असते. क्रमांकाची सुरुवात ७, टी, ०१, सी अशी असेल तर १९६७ चं मॉडेल, मेटचनचा कारखाना, कूपे, आणि दोन बॅरल कार्ब्युरेटरचं २८९ इंजिन. सीऐवजी एस असेल तर ३९०. दारावरच्या पट्टीत रंगाचंही अक्षर असतं: एम म्हणजे विंबल्डन व्हाइट, ए म्हणजे रेव्हन ब्लॅक, टी म्हणजे कँडी-अॅपल रेड. एप्रन कितीही कुजलेलं असलं तरी ज्या तुकड्यावर क्रमांक आहे तो कापायचा नाही, दुसरीकडे जोडायचा नाही, घासायचाही नाही. त्याच्याशी खेळणं कायद्याने गुन्हा आहे आणि गाडीची ओळखच त्यावर आहे. क्रमांक मालकीच्या कागदाशी जुळत नसेल तर गाडी कितीही आवडली तरी परत फिरा.

गॅरेजची तयारी

न्यू जर्सीतल्या बऱ्याच घरांत गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस गॅरेजात किंवा गॅरेजला लागून असतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत पेटत्या ज्योतीपर्यंत पोचते. त्यामुळे थिनर, पेंट रिमूव्हर, प्रायमर यांचं काम त्या जागी करायचं असेल तर ज्योत आधी बंद. अग्निशामक नळकांडं हाताशी हवं, आणि वेल्डिंग संपल्यावर किमान अर्धा तास गॅरेजातून हलायचं नाही. गाडीच्या आत साठ वर्षांचं ध्वनिरोधक डांबर, जुना फेल्ट आणि वायरी असतात, ते धुमसत राहतात.

दुसरी गोष्ट शिशाची. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि छताच्या सांध्यात तर कारखान्यातच शिसं भरलेलं आहे. धूळ उडवत घासाल तर ती कपड्यांवर बसून घरात जाईल. पी-१०० फिल्टरचा मास्क, घासण्याच्या मशीनला जोडलेला व्हॅक्यूम, आणि कामाचे कपडे वेगळे. ते घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. लहान मुलं असतील तर हे दिवस त्यांना गॅरेजात बिलकुल येऊ देऊ नका.

अवजारांत पैसे कुठे घालायचे? मिग वेल्डरमध्ये, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डरमध्ये. घरच्या १२० व्होल्टवर चालणारा चांगला वेल्डर या पत्र्याला पुरतो, पण गॅसवाला हवा: ७५ टक्के अर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायॉक्साइड, आणि ०.६ मिमीची तार. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सवाली तार पातळ पत्र्यावर जास्त उष्णता देते आणि ठिणग्यांचे दाणे सगळीकडे उडवते. त्याशिवाय साडेचार इंची ग्राइंडर, स्पॉट वेल्ड (कारखान्यात पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे वेल्ड) कापायचं ड्रिल बिट, भरपूर क्लँप, दोन-तीन हातोड्या आणि डॉल्या (पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे), लांब सँडिंग ब्लॉक. कॉम्प्रेसर मात्र मोठा लागतो, कारण स्प्रे गन आणि घासण्याची मशीन दोन्ही हवा खातात. छोटा असेल तर घासण्यासाठी विजेवरची मशीन घ्या आणि हवा फक्त स्प्रेसाठी ठेवा. खर्चाचा अंदाज करताना नवखे लोक फक्त पत्र्याचे भाव लिहितात. डिस्क, सँडपेपर, गॅस, मास्कचे फिल्टर, प्रायमर, टेप यांचा हिशेब पत्र्यापेक्षा कमी भरत नाही.

उघडण्याआधी मोजमाप

स्क्रू खोलायच्या आधी गाडी तिच्या चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी करा आणि सगळ्या फटी मोजा: दार आणि मडगार्ड, दार आणि क्वार्टर, बोनेटच्या दोन्ही कडा, डिकी. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी. टेप चिकटवून त्यावरच आकडे लिहा आणि फोटो काढा. दाराच्या बिजागऱ्या ढिल्या झाल्या असतील तर दार उघडून टोकाला धरून वर उचला. दार हललं तर पिना आणि बुश आधी बदला. ढिल्या बिजागरीवर घेतलेलं माप हे माप नव्हे.

प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा त्या भागाच्या नावाच्या पिशवीत. मडगार्ड, म्हणजे कॅटलॉगातलं फेंडर, काढताना त्याच्या मागे सापडणाऱ्या पातळ पट्ट्या फेकू नका. त्या शिम आहेत, आणि किती शिम कुठे होत्या हे लिहून ठेवलं तर परत जोडताना डोकं दुखत नाही.

पेट्रोलची टाकी या गाडीत वेगळ्याच ठिकाणी आहे. डिकीच्या तळाला मोठं भोक आहे, त्यात टाकी वरून ठेवून स्क्रूने बसवलेली, आणि टाकीचा वरचा पृष्ठभाग म्हणजेच डिकीचा तळ. मागच्या बाजूला कुठेही वेल्डिंग करायच्या आधी ती काढून गॅरेजाबाहेर न्यायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. बॅटरीही सुटी करा.

जुना रंग काढणं

चार मार्ग आहेत. वाळूचा मारा फ्रेम रेल, सस्पेन्शनचे भाग, काउलच्या आतला भाग अशा जाड आणि कोपऱ्याकोपऱ्यांच्या जागी उत्तम. तोच मारा बोनेट, छत किंवा दाराच्या मोठ्या सपाट पत्र्यावर केला तर पत्रा ताणला जाऊन लाटा पडतात, आणि त्या लाटा लांबीनेही पुऱ्या जात नाहीत. सोड्याचा मारा पत्रा वाकवत नाही, पण मागे राहिलेला सोडा प्रायमरची पकड बिघडवतो. धुऊन काढलाच पाहिजे. पूर्ण बॉडी रसायनात बुडवून देणारे कारखाने आहेत, पण ते रसायन सांध्यांत अडकून नंतर रंगाखालून बाहेर येऊ शकतं.

घरी काम करणाऱ्याला माझा सल्ला: मोठे सपाट पत्रे ८० नंबरच्या कागदाने गोल फिरणाऱ्या सँडरवर, आणि रंगाचे जाड थर पेंट रिमूव्हरने. जुन्या लोकांनी सांगितलेला मिथिलीन क्लोराइडचा झटपट रिमूव्हर आता दुकानात मिळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने घरगुती ग्राहकांना तो विकणं बंद केलं, कारण बंद खोलीत त्याने माणसं दगावली आहेत. नवे रिमूव्हर हळू चालतात. लावा, वर प्लॅस्टिक पसरा, त्याला वेळ द्या.

एका वेळी एकच भाग उघडा करा. जुलै-ऑगस्टमधल्या इथल्या दमट हवेत उघड्या पत्र्यावर रात्रीतून तांबूस छटा चढते. सकाळी उघडा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत एपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे.

कापण्याआधी आधार

मस्टँगला वेगळी चासी नाही. फ्लोअर, रॉकर, टॉर्क बॉक्स, काउल हे सगळे मिळूनच गाडी उभी धरतात. त्यातला एक भाग कापला की बाकीचे आपापल्या परीने वाकतात, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते शेवटी, दार लागत नाही तेव्हा.

म्हणून दोन नियम. पहिला, फ्लोअर किंवा रॉकर कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत एक इंची चौकोनी नळीचा आधार टॅक करा, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडा: बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आडवा, एक तिरका, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा एक. दुसरा, एका वेळी एकच बाजू आणि एकच भाग. डावं फ्लोअर पूर्ण जोडून झाल्याशिवाय उजवं कापायचं नाही. स्टँड पुढच्या फ्रेम रेलखाली आणि मागच्या अॅक्सलखाली ठेवा, म्हणजे वजन गाडी चालताना जिथे पडतं साधारण तिथेच पडेल. मग दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून नळीवरच लिहून ठेवा. रोज काम सुरू करताना ते परत मोजा.

काउल

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. काउलचा वरचा पत्रा स्पॉट वेल्डच्या लांबलचक रांगेने बसवलेला असतो. प्रत्येक वेल्ड शोधायला आधी रंग घासा. वेल्ड म्हणजे पत्र्यातला छोटा गोल खळगा. मधोमध पंच मारा आणि स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापला जाईल इतकंच ड्रिल करा. खालच्या पत्र्यात भोक पडलं तर ते नंतर भरावं लागतं. पुढची काच काढून ठेवली तर काम सुकर होतं आणि ठिणग्यांनी काचेवर कायमचे टिपके पडत नाहीत.

वरचा पत्रा उचलला की आतलं खरं चित्र दिसतं. पानांचा काळा लगदा, आणि त्याखाली भोकांच्या कडेला सुईएवढी छिद्रं, एकेका ठिकाणी कड पूर्णच नाहीशी. कड थोडीच गेली असेल तर तयार मिळणारे गोल दुरुस्ती-तुकडे वेल्ड करता येतात. खालचा पत्राच जाळीदार झाला असेल तर पूर्ण काउल बदला. काही लोक कडेवर सिलिकॉन किंवा फायबरग्लास फासतात. ते एखादा पावसाळा काढतं आणि खाली गंज आणखी पसरवतं.

इथे एक खुबी आहे. मडगार्डचं मागचं टोक काउलच्या बाजूला बोल्टने बसतं. म्हणजे नवं काउल तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे बसलं तर मडगार्ड आणि बोनेट दोन्ही चुकतात. म्हणून नवं काउल आधी क्लँप आणि स्क्रूवर बसवा, दारं आणि मडगार्ड तात्पुरती लावा, फटी पाहा, आणि मगच वेल्ड करा. वरचा पत्रा बंद करायच्या आधी आतून दोन हात एपॉक्सी मारा, सगळ्या सांध्यांना सीम सीलर, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, भरा. कारखान्यात या आतल्या भागाला रंग नीट पोचत नसे, आणि गाडीचा निम्मा गंज त्यातूनच आलेला असतो. झाल्यावर पाणी ओता आणि दोन्ही बाजूंनी ते धो धो खाली पडतंय ना ते बघा.

फ्लोअर, टॉर्क बॉक्स आणि क्वार्टर

फ्लोअर अर्ध्या तुकड्यांतही मिळतं आणि पुढून मागपर्यंत एकसंधही. गंज फक्त पाय ठेवायच्या जागी असेल तर अर्धा तुकडा पुरतो. पण चांगला पत्रा शोधत गंजाच्या काठाकाठाने ठिगळं लावू नका. स्क्रू-ड्रायव्हरने टोचत जा. जिथे पत्रा ठणठणीत लागतो तिथून आणखी दोन इंच पुढे कापा.

नवा पत्रा काळ्या लेपासह येतो. एका कोपऱ्यावर लॅकर थिनरमध्ये भिजवलेलं कापड घासा. काळं निघालं तर तो फक्त वाहतुकीसाठी फासलेला लेप आहे. सगळा काढून टाका. नाही निघालं तर तो पक्का आहे, घासून त्यावरच प्रायमर घ्या.

टॉर्क बॉक्स आणि फ्रेम रेल जिथे बसतात तिथे नव्या पत्र्यात साधारण ८ मिमीची भोकं पाडून त्यांतून खालच्या पत्र्याला प्लग वेल्ड करा. कारखान्यातले जितके स्पॉट वेल्ड होते त्यापेक्षा एकही कमी नको. दोन्ही पत्रे एकमेकांना घट्ट टेकलेले हवेत. मध्ये केसाएवढी फट राहिली तर वेल्ड वरवरचा होतो. वेल्डच्या जागी जस्ताचा लेप असेल तर घासून काढा, त्याच्या धुराने संध्याकाळी ताप भरतो. आणि वेल्ड करायच्या पत्र्यावर क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर कधीही मारू नका. आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन वायू तयार होतो आणि तो जीव घेतो. पत्रा पुसायला अॅसिटोन वापरा, आणि तो पूर्ण उडाल्यावरच ठिणगी पाडा.

क्वार्टर पॅनेल हा बाहेरून दिसणारा मोठा पत्रा, तिथे खरी परीक्षा आहे. पूर्ण क्वार्टर बदलायचं तर छताच्या शिशाच्या सांध्यापर्यंत जावं लागतं. गंज खालच्या भागात असेल तर ते टाळा. वरची मूळ कड आणि छताचा सांधा तसाच ठेवून, बाजूच्या ठळक रेघेखाली कापून नुसती बाहेरची स्किन बसवा.

दोन पत्रे एकमेकांवर चढवण्यापेक्षा कडेला कड लावून जोडा, मध्ये एक मिलिमीटरच्या आत फट ठेवून. एकावर एक चढवलेल्या सांध्यात ओल साचते. पत्रा पुढेमागे सरकणार नाही इतके क्लँप लावून आधी चार टोकांना आणि मध्ये टॅक मारा. मग एक टॅक इथे, पुढचा हातभर लांब, तिसरा दोघांच्या मधोमध. हात टेकवता येतो इतका पत्रा गार होईपर्यंत पुढचा टॅक नाही. सलग रेघ ओढायचा मोह होईल. ओढलीत तर पत्रा आकसतो आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना खोलगट दरी पडते. प्रत्येक टॅक थोडा घासून, मागे डॉली धरून वरून हातोडीने ठोका. ठोकल्याने वेल्डमध्ये आकसलेला पत्रा परत पसरतो, दरी भरून येते. असा सांधा जोडायला दिवस जातात, पण त्यावर नंतर लांबीचा पातळ पापुद्राच पुरतो.

दोन बोटांवर पातळ सुती मोजा चढवून सांध्यावरून फिरवा. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या पत्र्यातला उंचवटा बोटांना लगेच कळतो.

जोडून बघा, मग रंगाचा विचार

गाडीचे सगळे पत्रे, कच्चेच, एकदा पूर्ण जोडायचे. क्रम ठरलेला आहे. क्वार्टर हलत नाही, म्हणून दार क्वार्टरला जुळवायचं. मग मडगार्ड दाराला. मग बोनेट दोन्ही मडगार्डना. मागून पुढे. उलट क्रमाने गेलात तर शेवटी दाराची फट वाकडी राहते आणि ती हलवायला काही उरत नाही. फट साधारण चार ते पाच मिलिमीटर आणि वरपासून खालपर्यंत सारखी असावी. फोर्डच्या कारखान्यातून या गाड्या याहून ओबडधोबड फटींनी बाहेर पडत, त्यामुळे कागद घालता येणार नाही इतक्या बारीक फटींच्या मागे लागू नका. दार बंद होताना रंगाची कड तुटेल.

नव्याने बनवलेली मडगार्ड मूळ मडगार्डसारखी तंतोतंत बसतील अशी अपेक्षा ठेवू नका. भोकं थोडी लांबवावी लागतात, एखादी कड कापून परत वेल्ड करावी लागते. मूळ फोर्डचं मडगार्ड थोडं ठोकलेलं असलं तरी शक्यतो तेच वाचवा. पेन्सिल्व्हेनियात कार्लाइलला वसंतात आणि पुन्हा जूनमध्ये फोर्डच्या मेळ्यात जुने सुटे भाग विकायला येतात. एडिसनहून सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात जाऊन येता येतं.

प्रायमर, शिसं, लांबी

छत आणि क्वार्टरच्या सांध्यातलं शिसं तडकलं असेल तर ते ग्राइंडरने उडवायचं नाही. मंद ज्योतीने मऊ करून पुसून घ्या, मास्क लावून आणि दार उघडं ठेवून. त्या जागी शिसं नसलेला धातूचा किंवा एपॉक्सीचा भराव घाला.

पत्र्यावर सगळ्यात आधी एपॉक्सी प्रायमर. ८० ते १८० नंबरने घासलेल्या, पुसलेल्या पत्र्यावर तो जितका धरतो तितकं दुसरं काही धरत नाही आणि तो ओल अडवतो. गॅरेजचं आणि पत्र्याचंही तापमान १५-१६ अंशांच्या खाली असेल तर तो नीट पिकत नाही. डिसेंबरमध्ये हीटरने हवा गरम केली तरी पत्रा गारच राहतो. म्हणून हिवाळ्यात वेल्डिंग करा, आणि एपॉक्सी, लांबी, रंग मे ते सप्टेंबरसाठी ठेवा.

लांबी एपॉक्सीवर घालावी, उत्पादकाने सांगितलेल्या वेळेच्या आत. जाडी कुठेही तीन मिलिमीटरच्या वर नको. जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा आहे असा त्याचा अर्थ. हार्डनर साधारण दोन टक्के. फेटायची नाही, बुडबुडे शिरतात. पात्याने फळीवर दाबून मिसळायची. पहिला हात पत्र्यात दाबून पातळ, दुसरा थोडा जाड.

मग लांब ब्लॉक घ्या. हाताच्या तळव्याने कागद धरून घासायचं नाही, बोटांच्या खोबणी उमटतात. ८० पासून सुरू, नेहमी तिरकं, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून, म्हणजे रेघा फुलीच्या होतील. लांबी सरळ झाली की १८०, वर दोन भाग मिसळायचा जाड प्रायमर तीन हात, आणि त्यावर काळ्या पावडरचा किंवा स्प्रेचा अगदी हलका गाइड कोट. आता ३२० ने ब्लॉक फिरवा. जिथे काळं राहतं तो खड्डा, जिथे लगेच प्रायमर फाटून एपॉक्सी दिसतो तो उंचवटा. सगळीकडचं काळं एकाच वेळी नाहीसं होईपर्यंत प्रायमर आणि ब्लॉक परत परत. दाराची खालची कड आणि मडगार्डचा चाकावरचा गोल, इथे सगळे घाई करतात आणि उन्हात गाडी उभी केली की तिथेच लाट दिसते. शेवटी ६०० नंबर, ओला.

सीम सीलर एपॉक्सीवर आणि रंगाच्या आधी. पण रॉकरच्या आणि दाराच्या तळाची पाण्याची भोकं सीलरने बुजणार नाहीत याची खात्री करा. त्यात तार घालून बघा.

रंग

इथे मी ठाम आहे: प्रायमरपर्यंत सगळं घरी, शेवटचा रंग मात्र भाड्याच्या बूथमध्ये किंवा रंगवाल्याकडे. धूळ हे कारण दुय्यम आहे. आजच्या दोन भागांच्या युरेथेन रंगांत आणि क्लिअरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, आयसोसायनेट असतं. त्याला वास जवळजवळ नसतो, आणि एकदा फुप्फुसाला त्याची अॅलर्जी झाली की आयुष्यभराचा दमा मागे लागतो. कोळशाच्या काडतुसाचा मास्क कधी संपला हे नाकाला कळत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि पूर्ण अंग झाकणारा सूट लागतो. जाड प्रायमरही बहुधा याच जातीचा असतो, तेव्हा तो मारतानाही हीच काळजी. स्वतःच्या हौशी गाड्यांना, वर्षाला दोनपर्यंत, केंद्राच्या स्प्रे-पेंटिंग नियमांतून सूट आहे, पण टाउनशिपचे आगीचे आणि झोनिंगचे नियम वेगळे. आधी फोन करून विचारा, शेजाऱ्यांनाही सांगा.

कोणता रंग? दारावरच्या पट्टीत जो आहे तोच, असं माझं मत. विंबल्डन व्हाइटसारखा साधा रंग असेल तर क्लिअरशिवायचा सिंगल-स्टेज घ्या. साठच्या दशकात फोर्ड इनॅमल वापरत असे आणि त्याची चमक सिंगल-स्टेजच्या जवळ जाते. धातूची पूड असलेल्या रंगाला मात्र बेस आणि क्लिअरच हवा. दारं, बोनेट, डिकी सुटी करून कडा आणि आतल्या बाजू आधी रंगवा, मग जोडून बाहेरची बाजू एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून. धातूच्या रंगात तर हे अगदी पाळायचं, नाहीतर दार आणि क्वार्टर दोन छटांचे होतात.

रंग पिकल्यावर रॉकर, दारं, टॉर्क बॉक्स, क्वार्टरचा खालचा भाग यांच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारा. वेल्डच्या मागच्या बाजूला रंग पोचलेला नसतो, आणि इथल्या रस्त्यांवरचं मीठ नेमकं तिथे बसतं. मेण पाण्याच्या भोकांतून ठिबकायला लागलं की पुरे. ठिबकून झाल्यावर भोकं परत मोकळी करा. पॉलिशचं मेण मात्र लगेच लावू नका आणि प्लॅस्टिकचं झाकण टाकू नका. रंगातलं थिनर उडायला उत्पादकाने जितके दिवस सांगितले असतील तितके दिवस गाडी उघडीच ठेवा, दार बंद करून, खिडक्या थोड्या खाली.